ज्याचा टॅग, त्यानंच काढायचा

ताई, तुझ्या शोकसभेतला चहा बरा होता. बाकी सगळ्याची मला शिसारी आली.

सिडनीतल्या टूनगॅबीचा, आपल्या मराठी मंडळाचा तोच हॉल. गणपतीत आपण दोघी मागच्या रांगेत बसून भाषण करणाऱ्यांच्या नकला करायचो, तोच. पुढे टेबलावर तुझा पैठणीतला फोटो होता. कुणी निवडला माहीत नाही, पण त्यातल्या बाईला मी ओळखत नाही. मी ओळखते ती तू निळ्या ओव्हरऑलमधली, संरक्षक चष्मा केसांवर सरकवलेली, नखांच्या कडेला ग्रीस असलेली. तसा एक फोटो तू शिकवायचीस त्या कॉलेजच्या भिंतीवर आहे. मी आणून देते म्हणाले. "शोभणार नाही गं तिथे," असं उत्तर मिळालं.

पहिले बोलले ते एक डॉक्टर. म्हणाले, "मीनाताई खरं तर इंजिनियर होत्या." मग एक बाई उठल्या. "खरं तर त्या पुण्याच्या मोठ्या कंपनीत इंजिनियर होत्या." तिसऱ्यानंही सुरुवात 'खरं तर'नंच केली. जणू एवढी वर्षं तू मेकॅनिक घडवत होतीस हे एखादं लपवायचं दुखणं होतं, आणि आता तू गेल्यावर सगळे मिळून त्यावर पांघरूण घालत होते. हीच माणसं रविवारी तुला फोन करायची. "ताई, ब्रेकमधून जरा कुईकुई येतंय, आणू का गाडी?" तेव्हा 'खरं तर' कुठे जायचं यांचं? त्यांची पोरं डॉक्टर, त्यांची पोरं डेटावाली, आणि त्यांच्या गाडीखाली झोपायला दुसऱ्या कुणाची तरी पोरं. ती कशी तयार होतात, कोण तयार करतं, याच्याशी यांना काडीचं कर्तव्य नव्हतं.

मग सतीशराव उठले.

तीन गॅरेजांचे मालक, मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमाचे देणगीदार सतीशराव. त्यांनी रुमालानं डोळे टिपले आणि जाहीर केलं, की यापुढे दरवर्षी ते आपल्या गॅरेजमध्ये एक नवा अप्रेंटिस तुझ्या नावानं घेणार. 'मीनाताई स्मृती उमेदवारी योजना.' शोकसभेत टाळ्या वाजल्या, ताई. मी उठून बाहेर आले.

बाहेर पार्किंगमध्ये तुझी अप्रेंटिस टेगन उभी होती. काळा शर्ट इस्त्री करून घातलेला, हातात पेट्रोल पंपावरून घेतलेली फुलं.

"आत का नाही आलीस?" मी विचारलं.

"तो आहे ना आत," ती म्हणाली. "आणि तसंही मराठीतलं मला काही कळलं नसतं, मेट."

"कळत होतं त्यांनाही काही कळलेलं नाही."

ती हसली नाही. मीही नाही. फुलं तिनं तुझ्या गाडीच्या वायपरखाली ठेवली. गाडीवर तशीच धूळ होती, आणि सर्व्हिसचा पिवळा दिवा अजून लागलेलाच असणार. जगभराच्या गाड्या ठीक करणारी बाई, स्वतःच्या गाडीचं तेल बदलायला तुला कधी सवड झाली नाही.

मी पहिल्यांदा तुझ्या वर्कशॉपमध्ये आले तो दिवस आठवतो? युनिव्हर्सिटीतून नुकती बाहेर पडले होते आणि कॉलेजनं मला 'लर्निंग सपोर्ट' म्हणून ऑटो विभागात पाठवलं होतं. ज्या अप्रेंटिसना वाचणं जड जातं, ज्यांना अपूर्णांक जमत नाहीत, त्यांच्या शेजारी बसायचं, एवढंच मला सांगितलेलं. तू माझ्या पायांकडे बघितलंस.

"इथे शेजारी कुणी बसत नाही. उभं राहायचं. बूट कुठे आहेत?"

मी सँडल घालून आले होते. तू मला दारातूनच घरी पाठवलंस. क्वेकर्स हिलपर्यंत परत जाताना ट्रेनमध्ये मी मनातल्या मनात तुझ्याविरुद्ध एक आख्खं पत्रक लिहून काढलं. दुसऱ्या दिवशी बूट घालून आले, तर तू म्हणालीस, "आडनाव ओळखीचं वाटलं म्हणून रात्री आठवत बसले. तुझे वडील चिंचवडला आमच्या कंपनीच्या गेटवर पत्रकं वाटायचे ना?"

वाटायचे. आमच्या घरात पलंगाखाली कागदाचे गठ्ठे असायचे. बाराखडी नीट यायच्या आधी मला 'कामगार बंधूंनो' वाचता यायचं. मी अभिमानानं हो म्हणाले.

"मी रोज घ्यायचे त्यांचं पत्रक," तू म्हणालीस. "कागद चांगला असायचा. डबा पुसायला."

तिथून आपलं भांडण सुरू झालं ते शेवटपर्यंत संपलं नाही. तू अधिकाऱ्यांच्या गेटनं आत जाणारी, मी कामगाराची पोर. सिडनीत येऊन आपण दोघी एकाच स्टाफरूममध्ये, तुझ्या डब्यातली मेथीची भाजी वाटून खात भांडायचो. मला तू 'पत्रकवाली' म्हणायचीस. मी तुला 'साहेब'.

पण तुझं शिकवणं मी पाहिलं आहे. ज्यांना शाळेनं 'तू काहीतरी हाताचं कर' म्हणून वर्गाबाहेर काढलं, ती पोरं तुझ्याकडे यायची. त्यांना वाटायचं, इथे डोकं लागत नाही. पहिल्याच दिवशी तू प्रत्येकाच्या हातात एक लाल टॅग द्यायचीस. त्यावर स्वतःचं नाव, स्वतःचा फोटो. गाडीवर काम सुरू करण्याआधी तिची विजेची जोडणी तोडायची आणि तिथे आपला टॅग लटकवायचा. याचा अर्थ, मी इथे आहे, माझे हात आत आहेत, कुणीही काही सुरू करू नका. आणि ज्याचा टॅग, त्यानंच काढायचा. मॅनेजर आला तरी, मंत्री आला तरी, देव आला तरी.

ती सामोअन वंशाची पहिल्या वर्षाची मुलं, लेबनीज मुलं, नेपाळी मुलं, सगळी हे एका सुरात म्हणायची. देव मात्र तू मराठीतच म्हणायचीस. "इव्हन देव, मिस?" असं ती तुला चिडवायची.

एकदा एक मुलगा तापानं फणफणून घरी गेला आणि त्याचा टॅग तसाच राहिला. हॉइस्टवर गाडी वर चढलेली, आणि दुपारी कुणी पाहुणे विभाग बघायला येणार. मॅनेजर म्हणाला, काढून टाक की, काय फरक पडतो. तू गाडीची किल्ली घेतलीस आणि माउंट ड्रुइटला त्याच्या घरी गेलीस. त्या मुलाला चादरीसकट गाडीत घालून आणलंस. त्यानं स्वतःच्या हातानं टॅग काढला, पाहुण्यांच्या समोर, आणि तू त्याला परत घरी सोडून आलीस. वाटेत त्याला सूप घेऊन दिलंस. मॅनेजरनं नंतर तुला खोलीत बोलावून झाडलं. बाहेर येऊन तू मला म्हणालीस, "लिही याच्यावर पत्रक." तू थट्टा करत होतीस. मला त्या दिवशी तुझ्या पाया पडावंसं वाटलं होतं. ते मी कधी बोलले नाही.

त्याच मॅनेजरनं परवा कॉलेजच्या सगळ्यांना ईमेल पाठवला. तुझा 'वारसा' पुढे नेऊ म्हणे. इलेक्ट्रिक गाड्यांचा नवा विभाग उभारला, फीत कापली, फोटो काढले आणि कुलूप लावलं, कारण तो चालवायला शिक्षक नेमायचाच नव्हता. तू एकटी ते कुलूप उघडत होतीस, स्वतःच्या सुटीच्या वेळात. आता ते कुणी उघडत नाही. मी आज खिडकीतून बघितलं. चकचकीत गाडीवर प्लास्टिकचं कव्हर आहे, आणि बाहेर अप्रेंटिस त्यांच्या जन्माच्या आधीच्या गाड्यांची इंजिनं खोलताहेत. वारसा!

आता टेगनचं सांगते. तुला सगळं माहीत आहे, पण ज्यांनी टाळ्या वाजवल्या त्यांना माहीत नाही, आणि हे त्यांनीही वाचावं अशी माझी इच्छा आहे.

टेगन चौथ्या वर्षाची अप्रेंटिस. आठवड्यातून एक दिवस आपल्या कॉलेजात, बाकीचे दिवस तेव्हा सतीशरावांच्या गॅरेजमध्ये. गेल्या हिवाळ्यात तिच्याकडे एक इलेक्ट्रिक गाडी आली. तिनं मोठ्या बॅटरीची जोडणी तोडली, आपला टॅग लावला आणि जेवायला गेली. तेवढ्यात गिऱ्हाईक आलं. सतीशरावांनी तिचा टॅग काढला, जोडणी पुन्हा लावली, गिऱ्हाइकाला गाडी चालू करून दाखवली. मग गाडी होती तिथे उभी केली. आणि टॅग परत होता तिथे लटकवून ठेवला.

जोडणी न तोडता.

टेगन जेवून आली. तिचं नाव, तिचा फोटो, लाल टॅग जागच्या जागी. कुणीही आत हात घातला असता. तिनं आधी वीज मोजायचा मीटर लावला, कारण तू तिला तशी सवय लावली होतीस. पाणी प्यायला गेलात तरी परत आल्यावर आधी मीटर, मग हात. मीटर उसळला. बॅटरीचा सगळा दाब तारांमध्ये होता. ती मागे सरकली आणि जमिनीवर बसली. सतीशराव म्हणाले, "काही झालं नाही ना? मग झालं. नो वरीज."

तिनं हे सांगितलं तेव्हा आपण तिघी वर्कशॉपच्या मागच्या पायरीवर होतो. तू तिचे हात हातात घेऊन उलटसुलट करून बघितलेस, जणू भाजलं आहे का ते शोधत होतीस.

मी दोन दिवसांत पत्रक लिहिलं. कॉलेजच्या पार्किंगमध्ये, तुझ्या त्या धुळकट गाडीत बसून तुला वाचून दाखवलं.

"चांगलं लिहिलंयस," तू म्हणालीस. "त्याचं नाव घातलंयस?"

"घातलंय."

"आणि तिचं?"

"तिचं नाही घातलं."

"त्याच्या तिन्ही गॅरेजांत मिळून चौथ्या वर्षाची मुलगी एकच आहे. नाव घालायची गरज काय?"

मी कागदाची घडी घातली. तू म्हणालीस, उद्या तो तिला काढून टाकेल. अप्रेंटिसशिप संपत आलेली, असं माणूस दुसरा मालक घेत नाही, त्यातून मुलगी. चार वर्षं गेली म्हणून समज. "मी दुसरी जागा शोधतेय तिच्यासाठी. तोवर हे फाडू नकोस, पण वाटूही नकोस. आधी हात तयार होऊ दे तिचा. मूठ नंतर वळता येते."

"साहेबलोकांनी बाबांनाही हेच सांगितलं होतं. आज नको, उद्या. मूठ वळायच्या आत हात जातो, ताई."

"तो जाऊ नये म्हणून तर."

"म्हणजे काय करणार आहेस तू?"

तू गाडी सुरू केलीस. पिवळा दिवा लागला. मी उतरले आणि दार आपटलं.

त्यानंतर कुणीतरी मला सांगितलं, की मीनाताई दर शनिवारी सतीशरावांच्या गॅरेजमध्ये असतात. चहा पितात, गप्पा मारतात. मला वाटलं, शेवटी साहेब साहेबाकडेच गेली. मी तुझ्याशी कामापुरतं बोलायला लागले. मेथीची भाजी तू माझ्यासमोर ठेवायचीस आणि मी ती तुझ्याकडे सरकवायचे.

परवा हॉलबाहेर पार्किंगमध्ये टेगननं सांगितलं. शनिवारीच त्याच्याकडे सगळ्यात जास्त घाई असायची. तू येऊन तिच्या हॉइस्टशेजारी उभी राहायचीस. तो घाई करायला आला, की तू म्हणायचीस, "सतीशराव, चहा सांगा ना." तो वळायचा. परत आला, की पुन्हा चहा. "ती किती चहा प्यायची," टेगन म्हणाली. "तिला त्याचा चहा अजिबात आवडायचा नाही, मेट. उरलेला माझ्या ऑइलच्या ट्रेमध्ये ओतायची."

हे ऐकून मी विरघळले असेन असं तुला वाटत असेल, तर नाही. रडले, ते वेगळं. शनिवार सोडून बाकीचे दिवस होतेच की. त्या दिवसांत तिच्याशेजारी कोण होतं? त्याच्या दुसऱ्या गॅरेजमध्ये ज्याचा टॅग लटकत असेल, त्याच्याशेजारी कोण आहे? एक मुलगी वाचवण्यासाठी तू एका माणसाचं नाव झाकलंस, आणि झाकलेल्या नावाचा तो मंडळाच्या मंचावर उभा राहून तुझ्यासाठी रडतो. तुला हवं होतं का हे? मला तुझं उत्तर ऐकायचं आहे, आणि तू असलीस तरी दिलं नसतंस. चहा मागवला असतास.

तरीही एवढं मान्य करते. त्या हॉलमध्ये बसलेल्यांपैकी तिच्या शेजारी उभी राहिलेली तू एकटीच होतीस. टेगनसाठी शेवटी दुसरी जागाही तूच शोधलीस. एका म्हाताऱ्या इटालियन माणसाचं छोटं गॅरेज. तिथे ती आता रुजू आहे आणि तिला कुणी घाई करत नाही.

काल भाऊजींनी मला बोलावलं. चहा ठेवला, तुझ्याच कपात मला दिला, मग दचकले आणि कप बदलला. म्हणाले, सतीशरावांचा फोन आला होता. योजनेचं माहितीपत्रक काढायचंय. "तुला सवय आहे ना पत्रकं लिहायची? तूच लिही. तिला आवडलं असतं."

मी त्यांना सगळं सांगितलं. जोडणी, टॅग, मीटर. भाऊजींनी उठून भाताचा कुकर बंद केला.

"मला म्हणायची, सतीशरावांकडे गप्पा छान होतात," ते म्हणाले.

मग त्यांनी माझ्यासमोर फोन लावला. तुला ठाऊकच आहे ते कसे आहेत. भांडण झालं तरी समोरच्याला खुर्ची देणारे. "सतीशराव, नावाचं जरा राहू द्या," ते म्हणाले. पलीकडून बराच आवाज झाला. "नाही, तसं काही नाही. आमच्या श्रुतीला नको वाटतंय. मुलांचं असतं असं." मला तिथेच ओरडावंसं वाटलं. एवढं ऐकूनही 'तसं काही नाही'?

श्रुती जिन्यात उभी राहून सगळं ऐकत होती. तुझी लेक इथेच वाढली, ताई, तिला आडवळण येत नाही. "डॅड, आय नेव्हर सेड दॅट," ती म्हणाली, आणि खाली येऊन तिनं त्यांच्या हातातून फोन घेतला. "अंकल, मम्स नेम कम्स ऑफ. यू नो व्हाय." फोन ठेवला. भाऊजी म्हणाले, "असं बोलतात का मोठ्यांशी?" ती म्हणाली, "आई बोलली असती." तिनं आणि मी एकमेकींकडे बघितलं. दोघींनाही माहीत होतं, की तू बोलली नसतीस.

आता उरली टेगन. तिची शेवटची परीक्षा गुरुवारी आहे. ती झाली, की ती पक्की मेकॅनिक. मी आज तिला भेटून म्हणाले, सुरक्षा खात्याकडे तक्रार द्यायची तर आजच जाऊ. ती गाडीच्या बॉनेटवर वाकलेली होती. वर न बघता म्हणाली, "शुक्रवारी."

"आज का नाही?"

"कारण टाय म्हणाली होती, आधी सर्टिफिकेट." मी तुला ताई म्हणते म्हणून ती पहिल्या वर्षापासून तुला टाय म्हणते. "शुक्रवारी मी जाणार. माझ्या नावानं. तू फक्त गाडी चालव."

मी थांबले आहे. तुझं पटलं म्हणून नाही. नोकरी तिची, हात तिचे आणि तक्रारीवर नावही तिचंच असणार आहे म्हणून. हे छापून येईल तेव्हा शुक्रवार होऊन गेलेला असेल. मंडळाला हा लेख स्मरणिकेत नको असेल, तर मी स्वतः छापीन आणि हॉलच्या दारात उभी राहून वाटेन. ज्यांना डबा पुसायचा असेल त्यांनी पुसावा.

तू असतीस तर गुरुवारी संध्याकाळी मला फोन आला असता. निकाल अजून लागलेला नाही, आणखी एक आठवडा थांब. मी फोनवर किंचाळले असते. तू म्हणाली असतीस, किंचाळ, पण थांब. आणि बहुतेक मी थांबलेही असते, तुला शिव्या देत.

आता मला थांबवणारं कुणी नाही. शुक्रवारी सकाळी मी गाडी काढीन, टेगन शेजारी बसेल, आणि फोन वाजणार नाही.

ताई, आपल्या भांडणात मी अशी जिंकायला नको होते.